चपलांजवळ बसणारे सर

“हात नका बघू गुरुजी, माना बघा,” सर माझ्या कानाशी पुटपुटायचे. मढच्या देवळात गावाची बैठक भरली की ते सगळ्यांच्या मागे, चपलांजवळ बसत. हात वर जाण्याआधी कुणाची मान कुणाकडे वळते, तेवढंच त्यांना पाहायचं असे.

माणसं मिळून निर्णय कसा घेतात, यावर त्यांचं संशोधन होतं. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ते पुण्याहून येऊन आमच्यात राहिले. मी शाळेत मास्तर. शाळा सुटली की त्यांच्याबरोबर घरोघर जाई. बैठकीच्या दुसऱ्या दिवशी ते एकेकाला विचारत, “काल तुमच्या मनात काय होतं?”

बंधाऱ्यावरचे पंप उन्हाळाभर बंद ठेवायचं ठरलं, तेव्हा एक म्हातारबाबा म्हणाले, “माझ्या मनात चालू ठेवायचं व्हतं.”

“मग हात का वर केला, बाबा?”

“समद्यांनीच केला. मी एकट्यानं खाली ठेवून काय मांडी खाजवत बसू?”

सर इतके हसले की चहा लेंग्यावर सांडला.

तुम्हीही अशा बैठकांतून “तुमी म्हणाल तसं” म्हणत उठला असाल. सर त्याला कधी नावं ठेवत नसत. “एकमेकांना फार जपता तुम्ही लोक,” एवढंच म्हणत.

मग दोन भावांत पंपांवरून बोलाचाली झाली. एकाचं म्हणणं दुसऱ्याला सरांनी पोचवलं, असं कुणीतरी उठवलं. ते खोटं होतं. प्रत्येक घरात मी त्यांच्या शेजारी बसलेलो असे. माझ्याइतकं पक्कं कुणालाच ठाऊक नव्हतं.

बैठक बसली. “पावण्यांनी आता जावं, असं लोकांचं म्हणणं हाय,” सरपंच म्हणाले आणि माझ्याकडे पाहिलं. मी इतरांकडे पाहिलं. हात वर गेले. माझाही गेला. हे मी आजवर घरीसुद्धा बोललो नाही.

सरांचं काम अर्ध्यावर होतं. मध्ये तुटलं की ते पुन्हा जोडता येत नाही, हे त्यांनीच मला सांगितलं होतं. ते उठले, चपला घातल्या. “सकाळच्या गाडीनं निघतो,” म्हणाले.

सकाळी मी कुणाला न सांगता एसटीच्या थांब्यावर गेलो. म्हातारबाबा तांदळाचं गाठोडं घेऊन आधीच उभे. मागोमाग ते दोघे भाऊ दोन वाटांनी आले. मग आणखी चारपाच जण. जो तो दुसऱ्याला पाहून थबकला.

“तू कसा रं हितं?”

“आलो आपला. माझं काय न्हवतं त्यांच्याविषयी.”

“माझं तरी कुठं व्हतं?”

पेटीशेजारी उभ्या असलेल्या सरांनी आम्हा सगळ्यांकडे एकवार पाहिलं. वाट पाहत होते, असं मला वाटतं. गाडी आली.

“पेटी कुणाची? चढवा की राव,” कंडक्टर म्हणाला.

‘सर, राहा’ एवढंच म्हणायचं होतं. कुणीही म्हटलं असतं तरी चाललं असतं.

मी पेटी उचलली आणि टपावर चढवली.