शाळेच्या हद्दीबाहेरची गल्ली

वैभवीला बोलायला उभं केलं की काम होतं, असं इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सच्या मराठी मंडळींत सगळेच म्हणायचे. गणपतीसाठी हॉल मिळवायचा असो की पार्किंगवरून शेजाऱ्यांशी झालेली कुरबूर मिटवायची असो, नाव तिचंच निघायचं. पुण्यात ती कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायची. प्रणवच्या सॉफ्टवेअरच्या नोकरीमागे इथे आली आणि तनू झाल्यावर घरीच राहिली. बोलण्याची हौस मात्र गेली नव्हती.

२००६च्या हिवाळ्यात कौन्सिलने, म्हणजे तिथल्या नगरपालिकेने, जाहीर केलं, की जवळच्या प्रायमरी शाळेत मुलं मावेनाशी झाली आहेत, तेव्हा शाळेचं कॅचमेंट नव्याने आखायचं. कॅचमेंट म्हणजे शाळेची हद्द. त्या हद्दीत राहणाऱ्या मुलांना प्रवेश आधी. लोकांपुढे दोन नकाशे ठेवले होते. एकात कालव्यापलीकडची, कौन्सिलच्या भाड्याच्या घरांची वस्ती हद्दीबाहेर जात होती. दुसऱ्यात वैभवीची गल्ली. बाहेर पडतील त्यांच्यासाठी दुसरी शाळा होती, पण बरीच लांब. कम्युनिटी सेंटरमध्ये सभा होती, तिथे येऊन आपलं मत मांडा, असं कौन्सिलचं म्हणणं होतं.

गल्लीतल्या मराठी घरांनी ती शाळा बघूनच तिथे घरं घेतली होती. समोरच्या नीनाने लगेच सगळ्यांना चहाला बोलावलं.

"वैभवी, तूच बोल," ती म्हणाली. "माझा अंशुमन आणि तुझी तनू सप्टेंबरला एकत्र रिसेप्शनच्या, शाळेच्या पहिल्या वर्गात जाणार, हे केव्हाचं ठरलंय आपलं."

वैभवी हो म्हणाली, आणि अगदी मनापासून म्हणाली.

पलीकडची माणसं सभेत काय बोलणार याचा अंदाज घ्यावा, म्हणून ती कालव्यापलीकडे गेली. तिथे तिच्या ओळखीची एकच बाई होती, अबेना. मूळची घानाची. लायब्ररीत लहान मुलांच्या गाण्यांना दोघी शेजारी बसायच्या. वैभवी पोचली तेव्हा अबेना बाळाला बाबागाडीत बसवत होती आणि तिची चार वर्षांची मुलगी एसी दारात उभी होती.

"बोलणार काय?" अबेना म्हणाली. "हिला त्या लांबच्या शाळेत पोचवू कशी, एवढंच विचारणार. तोच रस्ता बघायला निघालेय. येतेस?"

रेडवेच्या, पायी आणि सायकलने जाणाऱ्यांसाठीच्या लाल वाटेने त्या निघाल्या. मोठ्या रस्त्यांच्या पोटातून जाणारे बोगदे, त्यांत साचलेलं पाणी, फुटक्या बाटल्यांच्या काचा. डोक्यावरून गाड्या एका राउंडअबाउटकडून दुसऱ्याकडे सुसाट जात होत्या. त्यांतलीच एक गाडी आपली असते, हे वैभवीला पहिल्यांदाच जाणवलं. पाच वर्षांत हे गाव तिने काचेआडूनच पाहिलं होतं. तळ्याजवळ वारा झोंबायला लागला तशी एसी वाटेतच बसली. पुढचा रस्ता वैभवीने तिला कडेवर घेतलं.

"बस नाही का?"

"आहे ना. आधी शहराच्या सेंटरला जायचं, तिथून दुसरी धरायची. आणि फुकट बस मिळायला शाळा पुरेशी लांब नाही म्हणे." अबेना हसली. "चालायला लांब, नियमाला जवळ."

शाळा काही वाईट नव्हती. मैदानात पोरांचा छान गोंगाट चालला होता. लांब होती, एवढंच.

घरी आल्यावर वैभवीने प्रणवला सगळं सांगितलं.

"मग काय, आपण बाहेर जायचं?" त्याने विचारलं.

"आपल्याकडे गाडी आहे, प्रणव. तुला ऑफिसला सोडून मी तनूला नेईन."

"आपलं ठीक आहे. पण अंशुमनचं काय? त्याचं ठरवणारी तू कोण?"

दुसऱ्या दिवशी ती नीनाकडे गेली. "मी गल्लीच्या वतीने नाही बोलणार. दुसरं कोणी बघा. मी बोलेन ते माझ्यापुरतं."

नीना म्हणाली, "म्हणजे माझ्या मुलाविरुद्ध बोलणार."

"अंशुमनविरुद्ध नाही गं."

"गल्ली एकच आहे, वैभवी. तू बाहेर गेलीस की आम्हीही गेलो."

सभेत गल्लीच्या वतीने नीनाचा नवरा रघुवीर बोलला. एकत्र खेळणारी मुलं, शाळेच्या भरवशावर घेतलेली घरं, सगळं खरंच होतं आणि तो बोललाही छान. नंतर वैभवी उभी राहिली. एरवी तिला शब्द शोधावे लागत नसत. त्या संध्याकाळी लागले. ती अबेनाबरोबर चाललेल्या त्या रस्त्याबद्दल बोलली आणि म्हणाली, कोणाला तरी लांब जायचंच असेल, तर ज्यांच्या दारात गाडी आहे त्यांनी जावं. मागच्या रांगेत दोघा-चौघांनी टाळ्या वाजवल्या. अबेना आलीच नव्हती. तिला कामावर जायचं होतं.

वसंतात निर्णय आला. गल्ली हद्दीबाहेर गेली. मतं कितीतरी लोकांनी कळवली होती, त्यामुळे कोणाच्या बोलण्याने काय झालं हे कोणीच सांगू शकलं नसतं. गल्लीत मात्र सगळ्यांना ते पक्कं ठाऊक होतं. भांडलं कोणी नाही. त्या वर्षी गणपतीच्या हॉलसाठी तिला कोणी विचारलं नाही, एवढंच. तिला ते फार लागलं, आणि लागलं तरी आपण चुकलो असं वाटेना. नीनाला आधी विचारायला हवं होतं का, हे मात्र मनात राहिलं.

दिवाळीनंतर नीनाची कामाची वेळ बदलली. एका सकाळी तिचा फोन आला, आवाज कोरडाच. "अंशुमनला तुझ्या गाडीतून नेशील?"

"पाठव ना," वैभवी म्हणाली. पुढे तो रोजचाच झाला.

दोनेक वर्षांनी अबेना लीड्सला बहिणीजवळ राहायला गेली. नीनाला ते कुठूनसं कळलं. मुलाला गाडीत बसवताना ती म्हणाली, "ती तर गेली म्हणे. मग एवढं केलंस ते कोणासाठी?"

"त्या घरात आता दुसरं कोणीतरी असेल ना," वैभवी म्हणाली.

नीनाने वाकून अंशुमनचा पट्टा लावला, मग तनूचाही लावला आणि दार ओढून घेतलं.