कुट्टीवाला

वैरागला आमच्या शेजारी कडबाकुट्टीचं यंत्र होतं. ते चालवणारा गडी तिरसट. पेंडी अडकली तरी आत हात न घालता तो आधी मोटर बंद करायचा आणि चाक थांबेपर्यंत कुणाशी बोलायचा नाही.

एकदा माझी बायको पेंडी द्यायला वाकली आणि तिचा पदर धाटांबरोबर आत ओढला गेला. मी नुसताच ओरडलो. त्यानं विळ्यानं पदर सपकन कापला, मग मोटर बंद केली.

"वैनी, लागलं न्हाय न्हवं?"

तिनं मान हलवली. तो भिंतीला टेकून खाली बसला.

"आज यंत्र बंद."

"आरं, माझी गाडी भरून उभी हाय की!" दारातला गाडीवान म्हणाला.

कुट्टीवाल्यानं हात पुढं केला. तो थरथरत होता.

"ह्या हातानं चालवू व्हय?"