दुपारी सरकणारा काटा

मान जराशी तिरकी करून ती विचारायची, "पण काहून?"

तुमच्याही वर्गात असं सतत 'का?' विचारणारं कोणी असेल, ज्याच्यामुळे तास लांबतो आणि मागचे बाक सुस्कारे टाकतात. सत्तरच्या दशकातल्या आमच्या नागपुरातल्या एम.एस्सी. फिजिक्सच्या वर्गात मुली दोघीच, ती आणि मी. ती रोज बसने कामठीहून यायची. घरी वडिलांचे माग. त्या खडखडाटात वाढल्यामुळे की काय, तिचं साधं बोलणंही व्हरांड्याच्या टोकापर्यंत ऐकू जायचं.

एका स्फटिकातून किती वीज वाहते ते मोजायचा प्रयोग होता. सकाळी आकडे जमायचे, दुपारी मीटरचा काटा आपोआप पुढे सरकायचा. आम्ही सकाळचे आकडे लिहून मोकळे झालो. तिनं सरांना गाठलं. खोली तापत असेल, सर म्हणाले. पण एका ढगाळ दुपारी खोली तितकीच तापलेली असून काटा जागचा हलला नाही, हे तिनं पाहिलं.

पुढे ऊन पडलं त्या दुपारी सर प्रयोगशाळेत शिरले, तर ही बाई टेबलावर काळी छत्री धरून उभी. पश्चिमेच्या खिडकीतलं ऊन स्फटिकावर पडत होतं. छत्री धरली की काटा मागे, हटवली की पुढे.

सर पोटभर हसले. मग खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले की, उजेडानं असं होतं हे जगाला ठाऊक आहे, तुला मात्र कोणी सांगितलं नव्हतं. असे कितीतरी नवे स्फटिक आहेत, ज्यांच्याकडे अजून कोणी पाहिलेलंच नाही. एम.एस्सी. झाली की माझ्याकडे संशोधनाला ये.

वडिलांनी तिच्यासाठी कामठीतल्या शाळेतली नोकरी बोलून ठेवली होती. ते रागानंच विभागात आले. तिनं वाद घातला नाही. बाबांच्या हातात छत्री दिली. त्यांनी ती धरली, हटवली, पुन्हा धरली. मग खिडकीकडे पाहत विचारलं, "याच्या पुढं काय होते?"

"मले बी नाही मालूम, बाबा. तेच पाह्याचं हाये."

त्यांनी छत्री मिटून तिच्या हातात दिली. "मंग पाह्य," म्हणाले.

तिनं सरांकडे पीएच.डी. केली, मग बंगलोरला गेली. तिथे तिनं स्वतःची प्रयोगशाळा उभी केली. इथे विभागात मी शिकवत राहिले, आणि माझ्या वर्गात फार शांतता असायची.

मागे ती आमच्या विभागात व्याख्यानाला आली होती. वडील धुवट धोतर नेसून पहिल्या रांगेत बसले. व्याख्यान संपलं, तरी ती एका विद्यार्थिनीबरोबर फळ्यापाशीच, हातभर खडू माखून. चहा निवत चालला, म्हणून मी तिला हाक मारायला निघाले. वडिलांनी मला हातानं थांबवलं.

"राहू दे वं पोरी," ते हळूच म्हणाले. "ती काम करून राहिली."