अर्लीनने घासलेली झांज

मी मेदिंग. फिलिपीन्समधल्या इलोइलोच्या आमच्या बँडमध्ये चौतीस वर्षं गातेय आणि चौतीस वर्षं माझ्या पाठीमागे ड्रमवर दोरोच बसलाय. गाणारीला ड्रमवाला दिसत नाही, नुसता ऐकू येतो. त्यामुळे दोरोच्या तोंडापेक्षा त्याच्या उजव्या हाताची मोठी झांज माझ्या जास्त ओळखीची. तोंड तसंही बघण्यासारखं नाही.

ती झांज त्याने तरुणपणी एका जहाजावरच्या वादकाकडून घेतलेली. काळपट, डागाळलेली, घामाने जागोजागी हिरवट पडलेली. दोरो तिला फडकं लावू द्यायचा नाही. ड्रमवाल्यांचं म्हणणं, जुन्या झांजेवर चढतो तो मळ नव्हे, तोच तिचा आवाज. मला त्यातलं शास्त्र कळत नाही. पण ती वाजली की आधी एक बारीकसा ठिपका ऐकू यायचा आणि त्याच्यामागून चुलीचा धूर पसरावा तसं काहीतरी मऊ पसरायचं. माझा गळा आता चिरकतो, खोटं कशाला बोलू. त्या धुरात तो खपून जायचा.

रविवारी चर्चमधली मिसा आटोपली की गावातले पाच-सहा ड्रमवाले बाजारात बाचोयच्या, म्हणजे शेवयांच्या सुपाच्या, दुकानात जमतात आणि वाडग्यांवर वाकून तेच ते भांडण भांडतात. एका बाजूला दोरो, दुसऱ्या बाजूला बोयेत. बोयेत हॉटेलात इलेक्ट्रॉनिक ड्रम वाजवतो. तो म्हणायचा, खरी झांज लोकांना धड जेवू देत नाही, रबरी झांज बटण फिरवलं की गप्प, आणि म्हातारपणी कान शाबूत राहतात ते वेगळंच. दोरो म्हणायचा, रबरावर काठी मारणं म्हणजे उशीला चापट मारणं. खरी झांज दर फटक्याला वेगळं बोलते, हाताने धरून गप्प केली तरी बोटांत थरथर ठेवून जाते. वीस वर्षं हेच. बाकीचे कधी याची री ओढायचे, कधी त्याची, ज्याने कॉफी पाजली असेल त्याची.

आता अर्लीनचं सांगते. अर्लीन दोरोची सून. लग्न झालं आणि महिन्याभरात नवरा जहाजावर निघून गेला. घरात ही आणि हा घुम्या सासरा. पोरगी मन लावून रांधायची, हा मान खाली घालून जेवायचा आणि उठायचा. तिने एकदा माझ्यापाशी डोळ्यांत पाणी आणून विचारलं होतं, ताताय माझ्यावर रागावलेत का. ताताय म्हणजे बाबा, सासऱ्याला ती तेच म्हणते. मी म्हटलं, अगं बाई, तो माझ्याशी चौतीस वर्षांत चौतीस वाक्यं बोलला असेल.

दोरोच्या सत्तराव्या वाढदिवसाला मी पान्सित, म्हणजे वाढदिवसाच्या परतलेल्या शेवया, घेऊन गेले होते. टेबलावर काहीतरी कापडाखाली झाकलेलं. अर्लीनने कापड काढलं. झांज आरशासारखी लखलखत होती. दोन दिवस खपून तिने ती कलामानसी लिंबं, राख आणि तारेच्या घासणीने घासली होती. बोटांची सालं निघाली होती पोरीच्या.

"तुमची एवढी एकच आवडती वस्तू आहे, ताताय," ती म्हणाली. "म्हटलं, ती तरी नीट करून द्यावी."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात दोरोने टेबलाखालून माझा पाय दाबला. त्याने झांज उचलली, उलटी केली. मागे मधल्या भोकापाशी नाण्याएवढा काळा डाग तेवढा राहिला होता. त्याच्यावर त्याने अंगठा ठेवला.

"सुंदर झालीय, पोरी," तो म्हणाला. दहा महिन्यांत पहिल्यांदा तो तिच्याशी आपणहून बोलला असेल. अर्लीन हसता हसता रडायलाच लागली.

ती काहीतरी आणायला दुकानात गेल्यावर त्याने झांज स्टँडवर चढवली आणि हलकेच काठी मारली. ताटलीवर चमचा पडावा तसा आवाज आला. दुसऱ्यांदा मारलं, पुन्हा ताटलीच.

"गेली," दोरो म्हणाला आणि खाली बसला. मग मला दरडावून सांगितलं, यातलं एक अक्षर अर्लीनला कळता कामा नये.

अर्लीनला नाही सांगितलं. पण रविवारी बाचोयच्या दुकानात दोरो बोयेतशी भांडतच नाही हे पाहून मला राहवेना, मी सगळं ओकून टाकलं. कोणी हसलं नाही. बोयेत वाडगं अर्धं टाकून उठला आणि आम्हा दोघांना स्वतःच्या घरी घेऊन गेला. दोरोला ड्रमवर बसवलं, डोक्याला हेडफोन लावले, हातात काठी दिली. दोरोने नाक मुरडत रबरी झांजेवर काठी मारली आणि हात तिथेच थांबला.

दोन वर्षांपूर्वी बोयेतने एका लग्नासाठी दोरोची झांज एक दिवस मागून नेली होती. लग्न कसलं! दिवसभर घरात बसून त्याने तिचा फटका न् फटका, हळू, जोरात, कडेला, मध्ये, रेकॉर्ड करून आपल्या मशीनमध्ये भरला होता.

"हॉटेलात रोज संध्याकाळी तुम्हालाच वाजवतो मी, मानोंग," बोयेत थोरल्या भावाशी बोलावं तसा खाली बघत म्हणाला.

"चोर मेला," दोरो म्हणाला. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि हात थांबत नव्हता. मला मेलीला काही ऐकूही येत नव्हतं, नुसती रबरावरची टपटप. तरी मी पण रडले. उठताना दोरो म्हणतो कसा, रबर ते रबरच.

चार दिवसांवर फिएस्टा, म्हणजे गावची जत्रा, आली होती. बोयेतने गळ घातली की चॅपलच्या अंगणात माझी रबरी झांज लावा, आवाज तुमचाच आहे. दोरो म्हणाला, नको. अर्लीन पहिल्या रांगेत बसणार.

आणि बसली. नवा झगा घालून. झांज उन्हात अशी चकाकत होती की लोक बोटं दाखवत होते. आवाज मात्र उघडाबोडका. माझा चिरका गळा लपवायला धूर नव्हता, तशीच गायले. मधल्या सुट्टीत अर्लीन पाणी घेऊन आली आणि तिने नेमकं बोयेतलाच विचारलं, आवाज कसा वाटतोय म्हणून. सगळे ड्रमवाले आपापल्या चपला बघू लागले.

"खऱ्या झांजेची सर रबराला येत नाही, बाई," बोयेत म्हणाला. वीस वर्षांत पहिल्यांदा.

अर्लीन फुलून गेली. "ताताय, पुढच्या वर्षी पुन्हा घासून देईन हं."

दोरोने ओंजळीत पाणी घेऊन तोंडावर मारलं, पुसलं.

"पुढच्या वर्षी कशाला, उद्याच घास," तो म्हणाला. "मागच्या बाजूला थोडं राहिलंय."