चोवीस तास रिकामी टाकी

“टाकी गरम का आहे?” मी विचारलं.

“धुतली की, अक्का. कढत पाण्यानं. पाहुणे यायचेत, पूजा नको व्हय?” ऑपरेटर मंजण्णा म्हणाला. हातात कुंकवाची डबी. तो निपाणीकडचा, म्हणून आमचं मराठीत चालायचं.

मी कपाळाला हात लावला. शुक्रवार, सकाळचे दहा. व्हाइटफील्डपलीकडच्या मसाला-अर्काच्या कारखान्यात मी क्वालिटी बघायचे.

ज्यू ग्राहकांसाठी माल करायचा तर कोशर सर्टिफिकेट लागतं. म्हणजे त्यांच्या धर्माच्या नियमात बसणारं अन्न. या टाकीत आधी चिकन फ्लेवर झालेला. त्यामुळे टाकी धुऊन चोवीस तास रिकामी ठेवायची, गरम थेंबसुद्धा घालायचा नाही. मग तपासनीसासमोर उकळतं पाणी काठोकाठ भरून उतू घालवायचं. गुरुवारी बारापासून टाकी बंद होती. दोन तास उरले होते.

टाकीवर कागद मीच चिकटवलेला: ‘प्रॉडक्शन बंद’. धुणं म्हणजे प्रॉडक्शन नव्हे, आणि शुक्रवारी मशीन धुऊन पूजा करणं मंजण्णानं कधी चुकवलं नव्हतं.

पुन्हा चोवीस तास मोजायचे तर शनिवार येतो. शनिवारी ज्यू माणूस काम करत नाही. आणि मालाची गाडी शनिवारी संध्याकाळी निघायची होती.

मी जीएमना कळवलं. ते म्हणाले, “लॅब रिपोर्ट?”

“शून्य. टाकीत काहीच सापडलं नाही.”

“मग तपासनीसाला सांगायचं कशाला? आणि गाडी चुकली तर त्या मंजण्णाला सोमवारपासून येऊ नको म्हणा. कॉन्ट्रॅक्टवरचाच आहे.”

मला भयंकर राग आला. मंजण्णाचा नाही. जीएमचा, आणि थोडा माझा.

बाराला तपासनीस पेणकर आले. ठाण्याचे बेने इस्रायली, म्हणजे कोकणातून आलेले मराठी ज्यू; घरात मराठीच. मी सगळं सांगून टाकलं. त्यांनी टाकीला तळहात लावला.

“लॅबला शून्य दिसतंय,” मी म्हटलं.

“लॅब आत काय उरलं ते बघते, बाई. आपण थांबलो का, ते मी बघतो. देव काही डोळ्यांना दिसत नाही. भांडं दिसतं, पाणी दिसतं, घड्याळ दिसतं. त्यांच्यातूनच त्याला बघायचं, एवढंच आमच्या घरात शिकवलं. कोकणात आमचे आजे-पणजे तेल गाळायचे. शनिवारी घाणा बंद. गाव म्हणायचं शनवार तेली. बंद घाणा बघून लोकांना आमचा देव कळला.”

“म्हणजे रविवार?”

“रविवारी सकाळी.”

मी जीएमना लिहून दिलं, कागद माझा, चूक माझी. मंजण्णाचं नाव घातलंच नाही.

रविवारी पाणी उकळलं, काठावरून उतू गेलं, जमिनीवर वाफ झाली. पेणकरांनी सही केली. मंजण्णानं हळूच डबी काढली. “आता लावू?”

“टाकीला नको,” पेणकर म्हणाले. त्याचं तोंड उतरलं. “पण तू मनापासून धुतलीस. ते दिसलं मला.”

मंजण्णानं कुंकू शेडच्या उंबऱ्याला लावलं. पेणकर कुंकवावर पाय न देता उंबरा ओलांडून बाहेर गेले.

गाडी एक दिवस उशिरा गेली. मेमो मला मिळाला. मंजण्णा सोमवारी कामावर आला, नेहमीसारखा दहा मिनिटं आधी.

टाकीवरच्या कागदावर आता एक ओळ जास्त आहे, कन्नडमध्ये, त्याच्याकडूनच लिहून घेतलेली: धुणंही बंद, पाहुणे देवासारखे असले तरी.