मशीन काढल्यावर

४ मे. सासूबाईंच्या तेराव्याची गंधमुक्ती काल आटोपली आणि आज सकाळी मी गोधड्या धुवायला काढल्या. पाहुण्यांसाठी घरातल्या सगळ्या वापरात आल्या होत्या. धुळ्यात नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नाही. आज आले, म्हणून गच्चीवर टब भरले आणि मुलीला गोधड्या तुडवायला उभे केले. तिने कानाचे मशीन काढून खाली ठेवले होते. ते भिजवून चालत नाही.

मुलगी जन्मापासून बहिरी. दोन वर्षांची असताना ऑपरेशन झाले. कानामागे कातडीखाली एक चकती बसवली आणि चकतीची बारीक तार आतल्या कानात सरकवली. बाहेरचे मशीन आवाज पकडून चकतीकडे पाठवते, आणि तार तो वीज करून नसेला देते. मशीन काढले की तिला फटाकाही ऐकू येत नाही. आता ती दहा वर्षांची आहे. मराठी स्वच्छ बोलते आणि वर्गात भांडते.

पाहुणे गेले, फक्त सासूबाईंच्या धाकट्या बहीण, आमच्या मावशी, राहिल्या होत्या. त्यांचे गाव साक्रीच्या पुढे, त्या उद्या निघणार होत्या. दुपारी आम्ही तिघी जेवायला बसलो. मुलीने मशीन लावले होते. मावशींनी पहिल्याच घासाला सुरुवात केली.

"अक्का इतली बोले, इतली बोले, गाडी साक्रीले पोची जाये तरी तिनी गोट सरे नई. मना दादला म्हने, तुनी बहीनले गाडीमा बसाडू नको, बैल बी कटाळतस."

मी हसले. मुलगी हसली नाही. तिला अहिराणी येत नाही, पण 'अक्का बोले' एवढे समजले असावे.

"मम्मी, आजी बोलायची?"

"म्हणजे काय? बोलायचीच."

"पण आजी तर मुकी होती ना? तिला पण ऐकू यायचं नाही ना? मोठेपणी ऑपरेशन करून उपयोग नसतो, म्हणून तिला मशीन लावलं नाही. हो ना?"

मावशींचा हात ताटात थांबला. त्या माझ्याकडे बघू लागल्या.

तिचा हा समज मला आजच कळला. झाले होते ते असे. ऑपरेशननंतर मी मुलीला दर शनिवारी जळगावला न्यायची, बोलायला शिकवणाऱ्या बाईंकडे. माझे माहेर जळगावचे, त्यामुळे मुक्कामाची सोय होती. पहिल्याच महिन्यात त्या बाई म्हणाल्या, "सध्या घरात एकच भाषा ठेवा. दोन भाषा कानावर पडल्या तर तिचा गोंधळ होईल." मी घरी येऊन ते सांगितले. सासूबाईंना अहिराणीशिवाय दुसरे बोलता येत नव्हते. मी म्हटले, "जमेल तसं मराठीत बोला, आत्या." त्यांनी एक दिवस प्रयत्न केला, हसल्या, आणि म्हणाल्या, "माले जमस नई. मधमाच मनी बोली निंघनी ते पोरगीना घोळ व्हई जाई. मी तिनासमोर तोंडच उघडाव नई."

मला वाटले, चार दिवस टिकेल. पण चतुर्थी धरावी तसे त्यांनी ते धरले. मुलगी घरात असली की सगळे हातवाऱ्यांनी. जेवायला ये, केस विंचर, उन्हात जाऊ नको, सगळ्याची खूण ठरलेली होती. बोलायचे झाले की समोरच्या ओट्यावर जायच्या. मुलगी मागे आली की वाक्य अर्धे टाकून उठायच्या. समोरची म्हातारी टोमणा मारायची, "काय व, सुननी तोंडले कुलूप लायं का?"

"मीच लायं," सासूबाई म्हणायच्या. "किल्ली बी मनापाशीच शे."

फक्त आंघोळीच्या वेळी त्यांचे तोंड सुटायचे. आंघोळीला मशीन काढावे लागते. मग अंगाला तेल लावताना, पाणी घालताना, केस पुसताना त्या मुलीला सगळे सांगायच्या. माहेरची विहीर, श्रावणात कानबाईला करायचे रोट, सासऱ्यांचा तापट स्वभाव, कोणाची म्हैस कोणाच्या शेतात शिरली. मी स्वयंपाकघरातून ऐकायची. मुलीला त्यातले काहीच ऐकू जात नसे, म्हणजे त्यांचा नेमही मोडत नसे. मुलगी मोठी झाली तरी तिचे केस धुण्याचे काम त्यांनी सोडले नाही.

मागच्या दिवाळीनंतर शिकवणाऱ्या बाई बदलल्या. नव्या बाईंना मी हे सहज सांगितले. त्या म्हणाल्या, "अहो, बोलू द्या ना आजींना. मुलं दोन भाषा शिकतात. हल्ली आम्ही असं सांगत नाही." मी घरी येऊन तेही सांगितले. सासूबाई तांदूळ निवडत होत्या.

"आते शाळा चालू शे," त्या म्हणाल्या. "सुट्टी लागू दे. मंग निवांत बोलसू."

सुट्टीच्या आठवडाभर आधी त्या गेल्या. सकाळी छातीत कळ आली, दवाखान्याच्या दारापर्यंतही पोचल्या नाहीत.

हे सगळे मी मुलीला ताटावरच सांगितले. लपवण्यासारखे त्यात काही नव्हते. मग ती म्हणाली, "आंघोळीला तिचे ओठ हलायचे. मला वाटायचं, ती माझ्यासारखंच करते. मी लहान असताना करायची तसं, आवाज न काढता नुसतं तोंड हलवायचं."

"नाही. बोलत होती."

"काय बोलायची?"

मी विहिरीचे सांगायला गेले. दोन वाक्यांत संपले. अहिराणी मला समजते, पण माझ्या तोंडी बसत नाही, आणि मराठीत ती नुसती एक विहीर झाली. मुलगी वाट बघत होती, आणखी असेल म्हणून. मावशी पदराने डोळे पुसत होत्या. मी ताटे उचलली.

संध्याकाळी मी मावशींना विचारले, "हिला महिनाभर घेऊन जाता का?"

"माले तुमनं मराठी येस नई, बाई."

"तेच पाहिजे."

५ मे. सकाळी मी मुलीचे कपडे भरले, मशीनच्या बॅटऱ्या आणि चार्जर वेगळ्या डब्यात घातला, आणि दोघींना साक्रीच्या बसमध्ये बसवून दिले. मावशींना बजावले, घाम आला तर मशीन पुसायचे, पण बोलताना काढायला लावायचे नाही. बस सुटायच्या आधीच त्यांनी सुरू केले होते. मुलगी कपाळाला आठ्या घालून त्यांच्या तोंडाकडे बघत होती. तिला एक अक्षर कळत नव्हते, हे खालूनही दिसत होते. मला कामावर जायचे होते. मी निघाले.