तक्रार आहे का?

आमच्या मोठ्या काकांना फोनवर साधं बोलताच येत नाही. रिसीव्हर कानाला लागला की आधी "हॅलो, हॅलो, एक-दोन-तीन, आवाज येतोय?" हे ठरलेलं. मग पलीकडे डॉक्टर असो की व्याही. जन्मभर खांबावर चढून टेलिफोनच्या तारा जोडल्या, त्याचा हा परिणाम. काकू म्हणतात, "मला बघायला आले तेव्हाही पहिला प्रश्न तोच होता. आवाज येतोय ना?"

काकांची थोरली बहीण, म्हणजे माझी आत्या, गावाच्या दुसऱ्या टोकाला राहते. ते टोकही काकांच्याच हद्दीत येतं. आजी काकांकडे असायची, आणि ती गेली त्या सकाळी नेमका काकांच्याच घरचा फोन बंद होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. तेव्हा मोबाइल नव्हते. दुसऱ्या कुणी सायकल काढून आत्याकडे निरोप पोचवला असता. काका खांबावर चढले. "आत्ता जोडतो आणि ताईला लावतो," म्हणाले. तार जुळेपर्यंत बातमी दूधवाल्याबरोबर आत्याच्या दारात पोचलीसुद्धा.

आत्या आली ती बोलतच आली. "साऱ्या गावाला हॅलो-हॅलो करतोस, आणि आपली आई गेली हे मला दूधवाल्याने सांगावं? मापाने दूध ओतता ओतता सांगितलं रे त्याने! आजपासून भाऊ म्हणून माझ्या दाराशी उभा राहू नकोस."

काकाही त्याच आईचे. "नाही राहणार," म्हणाले.

हे माझ्या जन्माआधीचं. पण आमच्याकडे ते इतक्यांदा सांगून झालंय की मला दोघांच्या आवाजासकट पाठ आहे.

पुढे आत्याच्या फोनमध्ये खरखर सुरू झाली. तक्रार ऑफिसात गेली, ऑफिसने हद्दीच्या लाइनमनला पाठवलं. काका खांद्याला पिशवी लावून दारात उभे राहिले आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "बाई, तक्रार आहे का?"

आत्याने त्यांना नखशिखांत न्याहाळलं. "आहे. या, लाइनमन."

तेव्हापासून हा खेळ सुरू झाला. सख्खी भावंडं, आणि अहो-जाहो! मी आत्याकडे गेले आणि काका आले की मी कान टवकारून बसायचे. असलं फुकटचं नाटक कुठे बघायला मिळणार?

"काय होतंय, बाई?"

"खरखर."

"बोलताना की ऐकताना?"

"दोन्हीकडून."

काका भिंतीवरची डबी उघडायचे. आत दोन स्क्रू, दोन तारा, त्यातली एक सुटलेली. "उंदराने ओढलीय."

"असेल. मेले फार झालेत. चहा घेणार, लाइनमन?"

"ड्यूटीवर आहे. अर्धाच द्या, बिनसाखरेचा. बाई, गुडघे कसे... म्हणजे, फोनपर्यंत उठून यायला त्रास होत असला तर तार वाढवून देतो."

"वाढवा."

आत्याच्या घरात उंदीर औषधालाही नव्हता. हा उंदीर भाजीच्या सुरीने स्क्रू फिरवणारा होता. स्क्रूच्या डोक्यावर सुरीचे ओरखडे होते, ते काकांना दिसायचे. काकांना दिसतात हे आत्याला ठाऊक होतं. पण तार जुळायची, काका फोन कानाला लावून एक-दोन-तीन म्हणायचे आणि पिशवी उचलायचे. दर महिन्या-दीड महिन्याने उंदीर परत यायचा.

मग फायबर आलं. आत्याच्या सुनेचं, म्हणजे आमच्या वहिनीचं, केव्हाचं टुमणं होतं. "आई, अहो सिनेमा लावला की नुसतं चाक फिरतं. हिरो दार उघडतो तोवर माझा स्वयंपाक उरकतो." त्यातच ऑफिसने हुकूम काढला की तांब्याच्या तारा सगळीकडून काढायच्या. त्या काकांनीच उतरवायच्या, आणि उतरवून झाल्या की घरी बसायचं.

आत्याच्या घराची तार काढायला काका आले तेव्हा मी तिथेच होते. ते दारात थांबलेच नाहीत. तक्रार नव्हतीच, विचारणार काय? भिंतीवरचे खिळे उपटत, तार हाताच्या कोपराभोवती गुंडाळत गेले. डबी निघाली तिथे भिंतीचा जुना रंग उघडा पडला.

"आता खरखर नाही व्हायची, बाई. काचेची तार आहे."

"आणि झालीच तर?"

"त्यांचा नंबर आहे. तिथे तक्रार करायची."

"मग कोण येतं?"

"पाठवतील तो."

आत्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली, काका तार. 'मी येत जाईन' एवढं एकाने म्हणायचं होतं, किंवा 'येत जा' एवढं दुसरीने. काका म्हणाले, "सही लागेल इथे." आत्याने सही केली.

नव्या फोनवर आवाज इतका स्वच्छ की माणूस कानात घुसून बोलतोय असं वाटावं. आत्याला तो सोसेना. एकदा तिने तक्रारीचा नंबर फिरवला. पलीकडे मधात बुडवून काढलेला बायकी आवाज. "इंटरनेट संथ असल्यास एक दाबा. बिलासाठी दोन दाबा."

"अगं बाई, मला खरखर आहे."

"क्षमस्व. आपण निवडलेला पर्याय उपलब्ध नाही."

"बाई गं, जुन्या लाइनमनला पाठव."

"क्षमस्व."

आठवडाभराने आत्याच्या घरातल्या फायबरच्या पेटीवरचा हिरवा दिवा लाल झाला. फोन बंद, वहिनीचा सिनेमा बंद. कंपनीचा फायबरवाला आला. कानात गाणी, तोंडात च्युइंगम. कपाटामागे वाकला आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणाला, "आजी, ही कापलीय कुणीतरी."

"उंदीर असेल," आत्या म्हणाली.

"उंदीर असा सरळ कापतो होय? ही सुरी आहे, आजी, सुरी!" आणि हसला. फार मनापासून हसला.

वहिनीने ओट्यावरच्या सुरीकडे पाहिलं, मग आत्याकडे. "आई, तुम्ही?" त्या 'तुम्ही'त सगळं आलं. म्हातारीचं डोकं फिरलं, डॉक्टरला दाखवायला हवं, हेसुद्धा. आत्या फोनपाशी खाली मान घालून बसली होती. इतकी लहान मी तिला कधी पाहिली नव्हती.

मी तडक काकांकडे गेले आणि फायबरवाल्याच्या आवाजात सगळं करून दाखवलं. ऐकताना काका हसलेच नाहीत. "उंदीर म्हणायला त्याच्या बापाचं काय जात होतं?" एवढंच म्हणाले. मग खुंटीवरची पिशवी काढली. आत ना तार, ना टेस्टिंगचा फोन, सगळं ऑफिसात जमा झालेलं. तरी खांद्याला लावली. वाटेत दोनदा म्हणाले, "सांगायला हवं होतं. तेव्हाच सायकल काढायला हवी होती."

आत्याचं दार उघडंच होतं. मी आत शिरले, काका उंबऱ्याबाहेर थांबले. घसा खाकरला, आणि तोंडातून नेहमीचंच बाहेर पडलं. "बाई, तक्रार आहे का?"

आत्या स्वयंपाकघरात होती. आवाज ऐकताच तिने डोळे पुसले, गॅस पेटवला, आधण ठेवलं, दोन कप काढले. मग आतूनच म्हणाली, "नाही रे. माझी काही तक्रार नाही."

'रे' म्हणाली! इतक्या वर्षांनी. मी बाहेर वळून पाहिलं.

काकांचा चेहरा उतरला होता. "बरं, बाई," ते म्हणाले आणि पायऱ्या उतरू लागले.

मी मागे धावले. "अहो काका, कुठे निघालात? ती 'रे' म्हणाली! ऐकलं नाहीत का?"

"ऐकलं की. तक्रार नाही म्हणाली." पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर गेली. "तक्रार नसलेल्या घरी लाइनमनने काय करायचं?"

"अहो, पण तसं नाही ते!"

"तू लहान आहेस," म्हणाले, आणि भराभर चालू लागले. खांबावरून आता जाड काळी केबल गेली होती, तिच्याकडे मानही वर केली नाही.

परत आले तर आत्या दोन कप घेऊन दारात उभी. तिने रस्त्याच्या टोकापर्यंत पाहिलं. मी समजावू लागले, की त्यांना तसं वाटलं, म्हणजे तू असं म्हणालीस तर ते...

"तेव्हाही खांबावरच चढला होता," आत्या म्हणाली. "लाइनमन होता, लाइनमनच राहिला. हा घे, तू पी."

चहात साखर नव्हती.